पूर्वकथेचा पेच : ‘एक्स-मेन ओरिजिन्स : वूल्व्हरिन’ आणि समीक्षकांचा प्रतिसाद

लोकप्रिय चित्रपटमालिकेतील नायकाचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या चित्रपटाचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. त्यामुळे उत्कंठेचा अभाव हा या प्रकाराचा अंगभूत दोष मानला जातो. गॅव्हिन हूड दिग्दर्शित ‘एक्स-मेन ओरिजिन्स : वूल्व्हरिन’ (२००९) या चित्रपटाच्या संदर्भात हे मत तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

हूड यांच्या ‘त्सोत्सी’ (२००५) या दक्षिण आफ्रिकी चित्रपटास सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते. साहजिकच अपेक्षा मोठ्या होत्या. जगभरात सुमारे ३७ कोटी डॉलर मिळविणाऱ्या ‘वूल्व्हरिन’ला समीक्षकांनी मात्र प्रतिकूल कौल दिला. ह्यू जॅकमन यांच्या अभिनयाची दखल घेतली गेली. परंतु विस्कळीत पटकथा व कच्ची दृश्यचमत्कृती यांवर टीका झाली. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोनच तारे दिले. ज्याला मृत्यू येत नाही अशा नायकाची प्रेक्षकाने काळजी का करावी, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता.

हा आक्षेप मुळाशी जाणारा आहे. ‘एक्स-मेन’ (२०००) मध्ये लोगनला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही. पूर्वकथेला ही विस्मृती घडवून आणणे भाग होते. ती घडते डोक्यात शिरलेल्या गोळीमुळे. नायकाच्या स्वभावातून वा निर्णयातून ती उद्भवत नाही. केवळ मालिकेचा सांधा जुळतो.

याउलट मॅथ्यू वॉन यांचा ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’ (२०११) हाही पूर्वकथापटच. चार्ल्स व एरिक यांची मैत्री तुटणार, हे प्रेक्षक जाणून असतो. तरीही समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगाच्या पार्श्वभूमीवर ही ताटातूट दोघांच्या मानवजातीविषयीच्या भिन्न धारणांतून अटळपणे घडते. ईडिपसची कथा अथेन्सच्या प्रेक्षकांनाही अपरिचित नव्हती. म्हणून सोफोक्लीसचे नाटक निष्प्रभ ठरले नाही.

तात्पर्य, दोष पूर्वकथेच्या प्रकारात नसून कार्यकारणभावाच्या दुबळेपणात आहे. प्रकारालाच दोषी ठरविल्यास सदोष कृतीला अनायासे पळवाट मिळते व समीक्षेचे मूल्यमापनाचे काम अपुरे राहते. पुढे ‘लोगन’ (२०१७) मध्ये याच नायकाची जखमा भरून काढण्याची शक्ती क्षीण झालेली दिसते. तो मर्त्य होतो आणि ईबर्ट यांच्या प्रश्नाला कलाकृतीतूनच उत्तर मिळते. या चित्रपटाच्या पटकथेस ऑस्करचे नामांकन लाभले, ही बाब या दृष्टीने लक्षणीय होय.