कौल बालवाचकांचा

बालसाहित्याचे पुरस्कार आपल्याकडे बहुधा प्रौढच ठरवितात. २०१६ मध्ये पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार माधुरी पुरंदरे यांना लाभला, तो यथोचितच होता. फ्रान्समध्ये मात्र १९८८ पासून ‘प्री दे झँकोरुप्तीब्ल’ या पुरस्कारासाठी शाळकरी मुलेच पुस्तके वाचून मत देतात. असा प्रयोग जालना जिल्ह्यात व्हावा, असे आम्हांस वाटते.

पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’च घ्या. घरातील माणसांची ओळख राधाच करून देते. चित्रांतील चेहरे इतके बोलके, की अक्षरओळख नसलेले मूलही माणूस ओळखेल. परंतु हे घर शहरी वळणाचे. घनसावंगीचे वा मंठ्याचे मूल त्यात रमेल, की परक्याच्या उंबरठ्याशी थबकेल? रमेल, असा आमचा होरा. पण निर्णय त्या मुलाचा. (प्रौढ परीक्षकांना बोध हवा असतो, मुलांचे लक्ष आधी मिशांकडे जाते.)

आमची खरी चिंता वेगळीच आहे. या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, मुलेही सोबत जातात आणि गाळप संपेतो परतत नाहीत. जानेवारीत मतदान ठेवले, तर ‘मुलांची निवड’ म्हणून जे जाहीर होईल, ते गावात राहिलेल्यांचेच मत असेल. म्हणून पुस्तके जूनमध्येच वर्गात यावीत आणि मतपेटी पोळ्यानंतर, घटस्थापनेपूर्वी मांडावी. गुरुजींनी पुस्तके वाचून दाखवावीत. स्वतःची आवड तेवढी सांगू नये.