पत्रक आणि पोथी

गेल्या उन्हाळ्यात माझे एक पुणेकर स्नेही सहकुटुंब आले आणि परतवाड्याबाहेर, चिखलदऱ्याच्या वाटेवरील एका हॉटेलात उतरले. सकाळी भेटीला गेलो तेव्हा त्यांच्या हाती एक छापील पत्रक होते : ‘एका दिवसात पाहून येण्याजोगी ऐतिहासिक स्थळे’. शाळामास्तराची खोड वाईट. छापलेले काही दिसले की लाल पेन्सिल शोधायला हात खिशाकडे जातो.

अंतरे बरोबर होती, छायाचित्रेही सुरेख. परंतु गाविलगड ‘भव्य’, अचलपूरचा हौज कटोरा ‘अप्रतिम’, मुक्तागिरीची बावन्न मंदिरे ‘नयनरम्य’! या विशेषणांची आपसांत अदलाबदल केली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. आणि रिद्धपूरचा तर उल्लेखच नाही. जेथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, जेथे 2024 साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ते गाव पाहायला वेळ नसला तरी चालेल. निदान नाव तरी?

वाचकहो, स्थळे दाखवणाऱ्या लेखनाची आपल्या भाषेला सवय नाही असे कोणी म्हणू नये. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कोणत्या गावी गेले, कोठे बसले, कोठे वस्ती केली, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला होते, एवढेच ती सांगत जाते. आपल्याच वऱ्हाडातले डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादून छापली. खरे सांगतो, प्रथम वाचताना मी कंटाळलो. गोष्ट नाही, अलंकार नाही. कादंबऱ्या लिहिणाराने यात वाचायचे काय? मग एकदा रिद्धपुरात एका ओट्यापुढे एक म्हातारी डोके टेकवून, ‘येथे, बरोबर येथे’ असे पुटपुटताना पाहिली, आणि त्या कोरड्या नोंदी कोणासाठी लिहिल्या ते ध्यानात आले. जागा हरवेल या धास्तीने लिहिलेले गद्य आहे ते. त्यात ‘भव्य’ला सवड कोठून असणार?

पोथीतही उणे आहेच. स्वामींचा पाय जेथे लागला नाही ते गाव तिला दिसत नाही. बाजार, शेत, तेथली माणसे वाटेतच राहून जातात. पत्रकाला ते बंधन नव्हते, म्हणूनच त्याचा राग अधिक येतो.

माझाही अपराध येथे सांगून टाकतो. कित्येक वर्षे मी मुलांना गाविलगडावर नेले आणि एकच धडा म्हटला : 15 डिसेंबर 1803, वेलस्लीने गड घेतला, दोन दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह, महिनाअखेर शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा. परीक्षेला पुरते. एकदा दिल्ली दरवाज्यापाशी सातवीतल्या एका पोरीने वर बोट केले, “गुरजी, हे दोन डोक्याचं पाखरू कोनतं जी?” मी तिला रांगेत उभे राहायला सांगितले.

तो गंडभेरुंड होता. विजयनगरच्या नाण्यांवरही हाच पक्षी दिसतो. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने 1488 च्या सुमारास गडाची डागडुजी केली. आणि तो विजयनगरच्या मुलखातून लहानपणी कैद होऊन आलेला मूळचा कानडी हिंदू, असे फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. घरापासून तोडलेले पोर, पुढे एका मुलखाचा धनी, आणि सातपुड्यातल्या त्याच्या गडाच्या दारावर दक्षिणेतले हे पाखरू! त्याच्या मनात काय होते ते पाखराला ठाऊक. पण दाराखाली उभे राहणाऱ्याला मान वर करायला सांगण्याइतपत जागा पत्रकात खास होती; पाऊण पान तर नुसत्या हिरवळीच्या चित्राने अडवले होते.

हे सारे मी स्नेह्यांना गाडीत बसता बसता सांगितले. वहिनींनी डबा मोजला, मुलाने ऐकले. संध्याकाळी मंडळी परतली तेव्हा पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर त्याने पेन्सिलीने गंडभेरुंड काढून आणला होता. चोची दोन, पाय मात्र चार. मी दुरुस्ती केली नाही.