टॉलस्टॉयचें ‘पुनरुत्थान’ : पाप आणि पापी

‘पापाचा द्वेष करावा, पाप्याचा करूं नये’ हें वचन आपल्या सुशिक्षित समाजांत इतकें रुळलें आहे कीं, तें ऐकून आतां कोणाच्याहि मनाला धक्का बसत नाहीं. गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत या वचनाचा उल्लेख करून, तें समजावयास सोपें पण आचरणांत क्वचितच उतरणारें आहे, असा अभिप्राय दिला आहे. आम्हांस तें समजावयासहि सोपें वाटत नाहीं. द्वेष न करणें म्हणजे शिक्षा माफ करणें, कीं प्रेमानें शिक्षा करणें? आणि पापी कोण हें ठरविणारा स्वतः कोठें उभा असतो? ख्रिस्ती परंपरा या प्रश्नांशीं शतकानुशतकें झगडत आली आहे. आणि त्या झगड्याचें सर्वांत प्रामाणिक चित्र आम्हांस टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरींत आढळतें.

मनुष्यावर प्रेम आणि दोषाचा द्वेष, हा विचार संत ऑगस्टीननें मठवासिनी जोगिणींना लिहिलेल्या एका पत्रांत येतो. त्याचें आचरणहि त्याला साक्ष होतें. इ. स. ४१२ च्या सुमारास डोनॅटिस्ट पंथाच्या कांहीं लोकांनीं त्याच्या बाजूच्या एका धर्मगुरूचा खून केला व दुसऱ्याचे हालहाल केले. तेव्हां या गुन्हेगारांना देहान्त किंवा अंगच्छेदाची शिक्षा देऊं नये, अशी विनवणी त्यानें बादशाही अधिकाऱ्याला केली. पण याच ऑगस्टीननें, पाखंडी लोकांना राजदंडाच्या धाकानें धर्मसंस्थेंत परत आणणें हें त्यांच्या हिताचेंच आहे, असेंहि प्रतिपादन केलें. पाप्यावर प्रेम करूं लागलेला मनुष्य त्याचें हित आपणच ठरवूं लागतो, हा धोका येथें स्पष्ट दिसतो.

क्षमेचें भयहि या परंपरेंत कमी नाहीं. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची कथा योहानाच्या शुभवर्तमानांत आहे; परंतु आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती सांपडत नाहीं. आपल्या बायकांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीनें कांहीं लोकांनीं ती गाळली असावी, असा तर्क खुद्द ऑगस्टीननेंच केला होता. तो तर्क खरा असो वा नसो, असा तर्क करावासा वाटला यांतच समाजाच्या मनाची परीक्षा होते.

टॉलस्टॉयनें आपल्या कादंबरीच्या आरंभीं शुभवर्तमानांतील जीं वचनें दिलीं आहेत, त्यांत या कथेंतील एक वचन आहे. कोनी नांवाच्या कायदेपंडितानें १८८७ साली सांगितलेल्या एका खऱ्या हकीकतीवरून सुचलेली ही कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या अलीकडच्या लिखाणावरील हक्क सोडून दिलेल्या टॉलस्टॉयनें या पुस्तकाचें उत्पन्न मात्र घेतलें, आणि तें छळाला कंटाळून कॅनडांत जाऊं पाहणाऱ्या दुखोबोर पंथीयांच्या साह्यास लावलें. कथानक थोडक्यांत असें : नेखल्यूदोव्ह हा सरदार ज्यूरीवर बसला आहे, समोर पिंजऱ्यांत एका व्यापाऱ्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप असलेली वेश्या कात्यूशा मास्लोव्हा उभी आहे. पूर्वीं आपल्या आत्यांच्या घरीं आश्रित असलेल्या ज्या मुलीला आपण भ्रष्ट करून हातावर शंभर रुबल ठेवून सोडून गेलों, तीच ही, हें त्याला ओळखूं येतें. न्याय देणारा हाच मूळ अपराधी! पुढें ज्यूरीचे पंच निकालांत ‘जीव घेण्याचा हेतु नव्हता’ एवढे शब्द घालावयास विसरतात, आणि ती सक्तमजुरीला पात्र ठरते. कोणी दुष्टपणा केलेला नाहीं. प्रत्येकाला आपापल्या घरची घाई आहे. न्यायसंस्थेवर याहून कठोर टीका शिव्याशाप देऊनहि साधली नसती.

परंतु कादंबरीचा आत्मा याच्याहि पुढें आहे. पश्चात्तापानें पोळलेला नेखल्यूदोव्ह तुरुंगांत जाऊन मास्लोव्हाची क्षमा मागतो, तिच्याशीं विवाह करावयास सिद्ध होतो. वाचकाचे डोळे पाणावण्याच्या बेतांत असतात, आणि तोंच ती उसळून उठते. या लोकीं माझ्या देहाचा उपभोग घेतलास, आतां परलोकींचें तारणहि माझ्याच जिवावर साधावयाचें आहे काय, असा तिच्या संतापाचा भावार्थ आहे. हा प्रश्न आम्हांस सबंध पुस्तकाचा मध्यबिंदु वाटतो. पापी म्हणून जिच्यावर दया करावयाची, तिला या पुण्यकर्मांत केवळ साधनाची जागा असेल, तर ती दया जुन्या भोगाचीच सोवळी आवृत्ति होय. ह्यूगोच्या ‘ला मिझराब्ल’मधील (१८६२) बिशप चोराला चांदीची भांडीं तर देतोच, वर दीपदानेंहि देतो. तो प्रसंग भव्य आहे यांत शंका नाहीं. पण तेथें क्षमा उंचावरून खालीं उतरते. टॉलस्टॉयच्या नायकाला ती उंचीच उरलेली नाहीं. शेवटीं मास्लोव्हा त्याचा हात न स्वीकारतां सिमोन्सन या राजकीय कैद्याबरोबर राहण्याचें ठरविते व नेखल्यूदोव्हला मोकळा करते. क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा होता, हें त्या एका निर्णयानें कळून येतें.

कादंबरींत दोष नाहींत असें नाहीं. तिला शेवटच नाहीं, आणि सर्व गुंता शुभवर्तमानांतील वचनानें सोडविणें ही निव्वळ धर्मोपदेशकी झाली, असा आक्षेप चेकॉव्हनें १९०० सालींच एका पत्रांत घेतला होता. तो आम्हांस मान्य आहे. तुरुंगांतील उपासनेच्या वर्णनांत उपहासानें तोल सुटला आहे. १९०१ साली रशियन धर्मसंस्थेनें टॉलस्टॉयला बहिष्कृत केलें, त्यामागें असल्या लिखाणाचा भाग होताच. याहून मोठा आक्षेप विचाराचा आहे. जे स्वतः दोषी त्यांना दुसऱ्यास दंड करण्याचा अधिकार नाहीं, हें टॉलस्टॉयचें तत्त्व मानलें, तर विष घालून मारलेल्या त्या व्यापाऱ्याचें काय? त्याला मारणारे कोणी तरी होतेच. सर्वच पापी आहेत एवढें म्हटल्यानें मृताला न्याय मिळत नाहीं, आणि उद्यां जो मारला जाणार त्याचें रक्षणहि होत नाहीं. न्यायासन मोडून टाकावें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

तथापि त्या आसनावर बसणाऱ्याची झोंप मात्र या पुस्तकानें कायमची उडविली आहे. तुरुंगाच्या भिंती आपण गुन्हेगारांसाठीं बांधतों; त्या बांधल्यावर आंत कोण आहे याचा विचार करण्याचें कारण आपल्याला उरत नाहीं, हा त्यांचा आणखी एक उपयोग. मोलकरणीची चोरी, गड्याची लबाडी, घराबाहेर काढलेली एखादी विधवा, यांविषयीं आपल्या दिवाणखान्यांत निवाडे होतात, तेव्हांहि ज्यूरी बसलेलीच असते. पाप्याचा द्वेष करूं नये, हें तेथें सर्वांनाच पाठ असतें. त्या पाप्याच्या पापांत आपला वांटा किती, एवढें मात्र कोणी विचारीत नाहीं. आणि नेखल्यूदोव्हची गोष्ट त्या प्रश्नापासूनच सुरू होते.