वस्तुनिष्ठ कसोटीतील व्यक्तिनिष्ठ अंश

वस्तुनिष्ठ कसोट्यांचा पुरस्कार निराधार नव्हता. सर फिलिप हार्टॉग व ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मूळ परीक्षेत समान गुण लाभलेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या आणि वर्षाहून अधिक काळाने त्याच पुन्हा तपासल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या खेपेस पालटले. निबंधवजा प्रश्नांवरील विश्वास यानंतर डळमळावा, हे स्वाभाविकच होय.

तथापि ‘वस्तुनिष्ठ’ हे विशेषण गुणांकनापुरतेच खरे आहे, याचा पुरस्कर्त्यांना फार लवकर विसर पडतो. उत्तरसूची एकदा सिद्ध झाली की कोणीही तपासले तरी गुण तेच पडतात. परंतु काय विचारावे, कोणते पर्याय द्यावेत आणि त्यांतील कोणता बरोबर मानावा, हे सर्व कोणा एका शिक्षकानेच ठरविलेले असते. परीक्षकाची व्यक्तिनिष्ठता तपासणीतून निघून प्रश्नरचनेत शिरते, आणि तेथे ती सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

चुकीच्या पर्यायांचेच पाहावे. ०.३ × ०.२ या गुणाकारास ०.०६ या उत्तराबरोबर ०.६ व ०.५ हे पर्याय दिले, तर ०.६ निवडणाऱ्याचे दशांशचिन्ह कोठे चुकते आणि ०.५ निवडणारा बेरीज करून कसा मोकळा होतो, हे शिक्षकास कळते. दुसऱ्या दिवशीच्या पाठाची दिशाच त्यातून मिळते. त्यांच्या जागी १७ व ४०० घातले तर गुणांकन तितकेच वस्तुनिष्ठ राहील, मात्र गुणाकार न येणाऱ्यासही उत्तर साधेल. पहिल्या प्रकारचे पर्याय सुचण्यास विद्यार्थ्यांच्या वह्या चाळलेल्या असाव्या लागतात. केवळ पाठ्यपुस्तक उघडून ते सुचत नाहीत.

यावर प्रश्नविश्लेषणाचा उपाय सांगितला जातो. सर्वाधिक व सर्वांत कमी गुण मिळविणाऱ्या प्रत्येकी २७ टक्के विद्यार्थ्यांची उत्तरे ताडून पाहण्याची, ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये समर्थिलेली रीत मोठ्या संख्येस उत्तम आहे. ४० जणांच्या वर्गात मात्र प्रत्येक गटात अवघे ११ जण येतात, आणि एखाद-दुसऱ्याच्या अंदाजानेही निर्देशांक हलतो. (चार पर्यायांच्या १०० प्रश्नांत डोळे मिटून खुणा करणाऱ्यासही सरासरीने २५ गुण मिळतात!) तरीही वरच्या गटापेक्षा खालच्या गटाने अधिक संख्येने सोडविलेला प्रश्न आढळल्यास प्रथम उत्तरसूची तपासावी.

इतिहासाच्या उत्तरात कारणांची जी जुळणी करावी लागते, ती मात्र खुणेने मोजता येत नाही. तिच्यासाठी निकष आधी लिहून, नावे झाकून, दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत व तफावत पडल्यास उत्तरपत्रिका तिसऱ्याकडे सोपवावी, हा मार्ग मोठ्या परीक्षांना खर्चाचा वाटतो. वर्गातील घटकचाचणीपुरता तो एकाच शाळेतील तिघा सहकाऱ्यांस सहज शक्य आहे.