घरीं बसलेला प्रवासी

मराठींत प्रवासवर्णनांना तोटा नाहीं. काशी-रामेश्वरापासून विलायत-अमेरिकेपर्यंत आमचे लोक हिंडले, आणि हिंडलेल्यांपैकीं बऱ्याच जणांनीं परत येऊन लेखणी उचलली. हीं पुस्तकें वाचतांना एक गोष्ट वारंवार ध्यानांत येते. प्रवासी घरून निघतो तें सविस्तर सांगितलेलें असतें. वाटेंतलीं गांवें, नद्या, देवळें, धर्मशाळा, जेवणाचे हाल, सारें असतें. आणि अखेरीस तो घरच्या उंबरठ्यावर येऊन पोंचला कीं पुस्तक संपतें. त्यापुढें काय झालें? ज्याच्या पायांना चालण्याची संवय लागली तो चार भिंतींत कसा राहिला? घरचीं माणसें त्याला, आणि तो घरच्या माणसांना, पूर्वीसारखा वाटला काय? याविषयीं आमचें प्रवासवाङ्मय बहुधा मौन धरतें, आणि हा त्याचा मोठा उणेपणा आहे असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिला नाहीं, याला कारण सन 2020. त्या वर्षीं 25 मार्चपासून सारा देश घरांत बसला. आमचें गोरेगांव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत आहे. मराठवाड्यांतल्या इतर भागांप्रमाणें याहि मुलखांतून माणसें सतत बाहेर जात असतात. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्यामुंबईच्या कारखान्यांत, कोणी पोलिसांत, आणि आषाढ आला कीं कोणी पंढरीला. प्रवासी म्हटला कीं छायाचित्रें काढीत फिरणारा हौशी गृहस्थ डोळ्यांपुढें आणावयाचा ही आम्हां सुशिक्षितांची खोड आहे. पण वर्षांतले कित्येक महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा मजूर हाहि प्रवासीच. त्या वर्षीं हे सारे एकदम परतले. खेडोपाडीं परतणाऱ्यांना आधीं शाळेच्या खोल्यांत चौदा चौदा दिवस ठेवीत. हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलाचे जवान मुंबई-मालेगांवच्या बंदोबस्तावरून आले व त्यांतल्या बऱ्याच जणांना लागण झाल्याचें निघालें. तेव्हां बाहेरून येणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेनें पाहूं लागले ती नजर सहज विसरण्यासारखी नव्हे. पुढें 1 जुलैच्या आषाढीस संतांच्या पादुका एस. टी. च्या बसमधून पंढरपुरास गेल्या आणि वारकरी घरीं राहिला. 2021 सालींहि पायीं वारी झाली नाहीं. ती पूर्ववत् निघाली ती 2022 मध्यें.

त्या दोन वर्षांत घरीं अडकलेल्या प्रवाशांचे लेख पुष्कळ निघाले. आम्हीं वाचले त्यांपैकीं बहुतेकांनीं आमची निराशा केली. लेखक घरीं बसला आहे खरा, पण लिहितो मागच्या सहलींविषयींच. त्याचें घर म्हणजे स्टेशनांतील वेटिंगरूम; तेथें बसून तो गाडीची घंटा केव्हां होते याकडे कान लावून आहे. परदेशांतल्या चहाच्या दुकानाचें ज्यानें दोन पानें वर्णन केलें, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरांत चहा कोण करतें याचा पत्ता नसावा, हें चमत्कारिक नव्हे काय?

अशा वेळीं आम्ही जुन्या ग्रंथांकडे वळलों, आणि गोरेगांवच्या माणसानें प्रथम नामदेवांकडे जावें हें ओघानेंच आलें. कयाधूच्या कांठचें नर्सी आमच्याच जिल्ह्यांत आहे, आणि तें नामदेवांचें जन्मस्थान असें परंपरा सांगते. कित्येक अभ्यासक तो मान पंढरपुरास देतात. नामदेवांएवढा दूरवर फिरलेला मराठी संत विरळा. पंजाबांत घुमान येथें त्यांचें वास्तव्य झालें. गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं 61 पदें आहेत. आणि 2015 सालीं मराठी साहित्य संमेलन घुमानास भरलें तें याच नात्यानें. परंतु या महाप्रवाशाच्या गाथेंतील ‘तीर्थावळी’ हें प्रकरण उघडून पाहावें, तों पहिल्याच प्रसंगीं नामदेव निघावयास तयार नाहींत! ज्ञानदेव त्यांच्या घरीं येतात, तीर्थयात्रेस चला म्हणून आग्रह करतात. आणि पंढरी सोडून जाण्याजोगें बाहेर काय आहे असा नामदेवांचा भाव आहे. शेवटीं देवाची परवानगी घ्यावी लागते, आणि देव त्यांना ज्ञानदेवांच्या स्वाधीन करतो. हे सर्व अभंग मूळ नामदेवांचेच, कीं त्यांत मागाहून झालेल्या विष्णुदास नाम्यासारख्यांचाहि हात आहे, हा वाद जुना आहे; आम्ही त्यांत शिरत नाहीं. प्रकरणाचा घाट एका मनाचा आहे, एवढें आम्हांस पुरे.

तीर्थावळी शिकवितांना तींतील विहिरीचा प्रसंग बहुधा पुढें करण्यांत येतो. मरुभूमींत दोघांना तहान लागते, विहीर खोल असते. ज्ञानदेव योगबळानें आंत उतरून पाणी पितात, आणि नामदेव विठ्ठलाचा धांवा करतात तों विहीर भरून वाहूं लागते. ज्ञानापेक्षां भक्ति श्रेष्ठ, असा याचा अर्थ मुलांच्या वहींत उतरविला जातो. अर्थ चुकीचा नाहीं. परंतु तेवढ्यावर थांबल्यास काव्य हातचें जातें. आमच्या मतें तीर्थावळी हें मुख्यतः घरच्या ओढीचें काव्य आहे. यात्रेंत नामदेवांना क्षेत्रें दिसतात, पण डोळ्यांत पंढरी असते. विहिरीकांठची ती हांक घराच्या दिशेनें मारलेली आहे. वारीच्या काव्याचा मुख्य सूर ‘निघा’ असा असतांना, त्याच परंपरेच्या आरंभीं न निघूं पाहणारा हा प्रवासी उभा आहे.

आणि अखेर पाहा. नामदेव परत येतात, देव त्यांना पोटाशीं धरतो, आणि यात्रेचें मावंदें होतें. देव स्वतः त्याचा यजमान होतो. मावंदें हा शब्द आतां शहरांतल्या मुलांना समजावून सांगावा लागतो. काशीयात्रा करून कोणी आला म्हणजे गंगापूजन करून सोयऱ्याधायऱ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवावयास घालीत, तें मावंदें. वरवर पाहतां हा धार्मिक विधि. पण त्यांत व्यवहाराचें मोठें शहाणपण होतें. जो एकटा गेला होता त्याचें पुण्य आतां पंगतीला वांटलें जाई, आणि महिनोन् महिने परका झालेला मनुष्य पुन्हां घरचा होई. 2020 सालीं आमच्या गांवांकडे जे आले त्यांच्या वांट्याला पंगतीऐवजीं शाळेची खोली आली. सांथींत तें आवश्यक होतें, त्याबद्दल कोणास बोल लावतां येत नाहीं. परंतु मावंद्याशिवाय घरीं आलेला मनुष्य घरीं येऊनहि पुष्कळ दिवस वाटेंतच राहतो, हें तीर्थावळीचा शेवट वाचतांना आम्हांस जेवढें जाणवलें तेवढें त्या सालच्या एकाहि लेखांत जाणवलें नाहीं.

तीर्थावळींत एक उणीव मात्र आहे. तींत घर म्हणजे पंढरीचें राऊळ. नामदेवांच्या खऱ्या घराचें काय? तें पाहण्यास गाथेंतच अन्यत्र जावें लागतें. आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तोंडचे जे अभंग आहेत त्यांत घरच्यांची बाजू आली आहे. प्रपंचाची ओढाताण, आणि देवाच्या दारीं रमलेला कर्ता पुरुष! या दोघींचें गाऱ्हाणें असें कीं हा गांवांत असून घरांत नाहीं. घरीं राहणें हें नुसतें अंगानें होत नाहीं, हें त्या बायकांनीं पुरुषांच्या आधीं ओळखलें. कीर्तनांत हा भाग विनोदासाठीं वापरतात, त्याचें आम्हांस नेहमीं वाईट वाटतें.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची गोष्ट निराळी. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक घरचें कर्ज फिटावें म्हणून 1857 सालीं उत्तरेस निघाला आणि बंडाच्या धामधुमींत सांपडला. झांशीचा वेढा त्यानें आंतून पाहिला, मिळविलेलें द्रव्य लुटारूंच्या हातीं गेलें, आणि घरीं पोंचला तो गंगेची कावड घेऊन. त्या पाण्यानें त्यानें आईबापांना स्नान घातलें. येथवर सर्वांस ठाऊक आहे. आमचें लक्ष पुढच्या रिकाम्या जागेकडे जातें. परत आल्यावर सुमारें दोन तपें गेलीं, आणि मग 1883-84 च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यानें तें सारें लिहून काढलें. रस्ते, माणसें, जेवणें, भीति, सर्व कांहीं कालचें असावें तसें उतरलें आहे. तीं दोन तपें त्यानें कशीं काढलीं याविषयीं पुस्तक फारसें बोलत नाहीं. पण पुस्तक तयार झालें तें त्याच काळांत, वरसईच्या ओटीवर. वाटेंत असतां जीव वांचविण्याच्या घाईंत जें नुसतें पाहिलें, त्याला अर्थ आला तो घरीं बसल्यावर. वैद्यांनीं 1907 सालीं भाषेवर हात फिरवून तें छापलें. दत्तो वामन पोतदारांनीं मूळ बखर 1966 सालीं बाहेर काढली. ज्यांना गोडसे भटजींचा खरा आवाज ऐकावयाचा असेल त्यांनीं पोतदारांची प्रत पाहावी. वैद्यांच्या प्रतींत तो इस्त्री केलेला आहे.

काका कालेलकरांचा उल्लेख येथें थोडक्यांत करतों, कारण त्यांचें ‘ओतराती दीवालो’ गुजरातींत आहे. 1912 सालीं हिमालय पायांखालीं घातलेला हा साताऱ्यास जन्मलेला मनुष्य 1923 मध्यें साबरमतीच्या तुरुंगांत पडला, आणि तेथल्या उत्तरेकडील भिंतींच्या आंत पक्षी, किडामुंगी, झाडें यांच्याकडे त्यानें त्याच उत्सुकतेनें पाहिलें. तुरुंग म्हणजे घर नव्हे, आणि आपण होऊन बसणें व बसविलें जाणें यांतहि अंतर आहे. तरी हिमशिखर पाहणारी दृष्टि मुंगीवरहि स्थिर होऊं शकते एवढें त्या लहानशा पुस्तकानें दाखवून दिलें. तें अजून ज्यांनीं वाचलें नसेल त्यांना गुजराती लिपि शिकण्यास एक चांगलें निमित्त आहे.

ऊसतोडीहून परतून दोन वर्षें घरीं राहिलेल्या माणसाचें, किंवा वारी चुकलेल्या आजोबांचें पुस्तक अद्याप आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. तें आमच्याच मुलखांतून यावें अशी आमची फार इच्छा आहे. तोंवर, येत्या जूनपासून आम्ही वर्गांत तीर्थावळी वाचावयास घेणार आहों. विहिरीपासून नव्हे, मावंद्यापासून.