'नोंद काढा' म्हणजे नक्की काय करा?

मराठीत 'काढणे' हे क्रियापद फार कामाचं आहे, आणि तितकंच धोक्याचं. तलाठ्याकडून सातबारा काढला की उतारा हातात येतो. सातबाऱ्यावरून नाव काढलं की ते नाव जातं. आता समजा, तुम्ही एका एआय एजंटला 'नोंद_काढा' नावाचं टूल दिलंत आणि वर्णन लिहिलंत, "रुग्णाची नोंद काढते." हे टूल नोंद दाखवणार की पुसणार? ऑफिसात नवीन आलेला माणूस शेजारच्या टेबलावर विचारून घेईल. एजंटला सहसा टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय माहिती द्यायची याची यादी एवढंच दिसतं. आतला कोड दिसत नाही.

म्हणून टूलचं वर्णन नीट लिहा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याला आधार म्हणून कुठला पेपर वाचावा, असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर प्रिन्स्टनच्या गटाचा २०२४चा 'एसडब्ल्यूई-एजंट' हा पेपर येतो. पेपर उत्तम आहे. पण तो नेमकं काय सिद्ध करतो, हे जरा तपासून बघू.

लेखकांचं म्हणणं असं: माणसासाठी बनवलेली साधनं मॉडेलला जशीच्या तशी देऊ नका, त्याच्यासाठी वेगळी बनवा. सॉफ्टवेअरमधल्या खऱ्या चुका दुरुस्त करण्याचे ३०० प्रश्न त्यांनी जीपीटी-४ टर्बोला दिले. नुसती कमांड लाइन दिली तेव्हा ११ टक्के सुटले, खास बनवलेली टूल्स दिली तेव्हा १८ टक्के. म्हणजे ३३ वरून ५४.

मला त्यातला सगळ्यात मोलाचा आकडा मात्र वेगळाच वाटतो. शोधाच्या टूलची त्यांनी दोन रूपं करून पाहिली. एकात सापडलेल्या जागांची थोडक्यात यादी मिळते, आणि ५०पेक्षा जास्त निघाल्या तर 'शोध नेमका करा' असं सांगितलं जातं. दुसऱ्यात 'पुढचा, पुढचा' करत एकेक जागा बघायची. हे दुसरं रूप दिल्यावर फक्त १२ टक्के प्रश्न सुटले. शोधाचं खास टूल अजिबात दिलं नाही, तेव्हा १५.७ टक्के! एजंट एकेक निकाल बघत बसला आणि त्यातच त्याची शिदोरी संपली. ३०० प्रश्नांत हा ११ प्रश्नांचा फरक प्रचंड नाही, पण वाईट टूल देण्यापेक्षा न दिलेलं बरं, ही शक्यता इथे आकड्यांत दिसते.

आता माझी तक्रार. या प्रयोगांत बदललं ते टूलचं वागणं. टूल तेच ठेवून फक्त वर्णनाचे शब्द बदलले, तर किती फरक पडतो? हे पेपरात वेगळं मोजलेलं नाही. त्यामुळे 'चांगलं वर्णन लिहिलं की एजंट सुधारतो' असा निष्कर्ष या पेपरातून काढणं सोपं असलं, तरी बरोबर नाही. शिवाय सगळे प्रश्न पायथनमधल्या १२ प्रकल्पांतले. तिथे चुकलेली फाइल मागच्या रूपात आणता येते. रुग्णाची पुसलेली नोंद परत येईलच असं नाही.

उलट पेपरातली सगळ्यात चांगली कल्पना वर्णनाच्या बाहेरची आहे. एजंटने केलेल्या बदलात व्याकरणाची चूक असेल, तर टूल तो बदल स्वीकारतच नाही आणि काय चुकलं ते दाखवतं. ही सोय काढून घेतल्यावर १८ टक्क्यांचे १५ झाले. कमांडने काहीच छापलं नाही, तर 'कमांड नीट चालली, पण दाखवण्यासारखं काही नाही' असं स्पष्ट सांगितलं जातं. एजंटला अंदाज बांधत बसावं लागत नाही. टूल परत काय बोलतं, हेही त्याचं वर्णनच आहे, असं मी म्हणेन.

अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. त्यांचा एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचा अर्धा पत्ता देताना चुकायचा. त्यांनी टूलच असं केलं की पूर्ण पत्ता द्यावाच लागेल. चुका थांबल्या.

मग वर्णनात लिहायचं काय? आपलंच टूल घ्या. नाव 'नोंद_दाखवा' करा आणि लिहा: "रुग्ण क्रमांकावरून एका रुग्णाची नोंद वाचून दाखवते. नोंदीत काहीही बदलत नाही. क्रमांक सहा अंकी हवा, उदा. ००४२१७. नावावरून शोधायचं असेल तर 'रुग्ण_शोधा' वापरा. नोंद नसेल तर 'सापडली नाही' असं उत्तर येतं." पाच छोटी वाक्यं: काय करतं, काय करत नाही, काय द्यायचं, कधी दुसरीकडे जायचं, रिकाम्या हाताने परतताना काय म्हणतं.

पुसण्याचं टूल वेगळं ठेवा. त्याच्या वर्णनात "कृपया जपून वापरा" लिहून समाधान मानू नका; माणसाने होकार दिल्याशिवाय ते चालूच नये. वर्णनात तिसरी ताकीद घालायची वेळ आली, तर लिहिणं थांबवा आणि टूल दुरुस्त करायला घ्या.

पेपर जरूर वाचा, विशेषतः एकेक भाग काढून घेऊन केलेल्या प्रयोगांचा तक्ता. आणि शब्दांचा परिणाम वेगळा मोजणारा प्रयोग कोणी मराठी वर्णनांवर केला, तर 'काढणे'पासून सुरुवात करावी.