उकडलेलं अंडं : एक रसग्रहण

आपल्याकडे समीक्षा कशाची होत नाही? नवकवितेची होते, ग्रामीण कथेची होते, नाटकाच्या नेपथ्याचीसुद्धा होते. मोदकाच्या कळ्या किती पडल्या आणि पुरणपोळीचा काठ कोरडा राहिला की काय, यावर तर पंगत उठून पानं उचलली तरी परिसंवाद चालू असतो. पण उकडलेल्या अंड्याकडे मराठी समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं माझ्या आढळात नाही. ‘त्यात काय पाहायचंय? अंडं ते अंडं!’ एवढ्यावर त्याची बोळवण होते.

आमच्या पुरुषमंडळींचं एक लाडकं वाक्य आहे. ‘स्वयंपाकातलं मला काही येत नाही हो, अंडं तेवढं उकडता येतं.’ हे वाक्य विनयाने, मान किंचित तिरकी करून म्हणायचं असतं. माझ्या मते मराठीत इतकं बढाईखोर वाक्य दुसरं नाही. ‘मला भीमपलास तेवढा येतो’ असं कोणी म्हणालं तर आपण लगेच तंबोरा पुढे सरकवतो. अंडंवाल्याला मात्र ‘सोलून दाखवा पाहू’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलं असतं, तर या महाराष्ट्रात विनय बराच वाढला असता.

आता समीक्षा म्हटली की आशय आणि आकृतिबंध आलेच. इथे पांढरं हा आकृतिबंध आणि बलक हा आशय. गंमत अशी की उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे आकृतिबंध आधी आवळला जातो आणि आशय मागून पिकतो. पुष्कळ कवितांचंही असंच होतं म्हणा. पांढरं साठ अंशांच्या थोडं पुढे गोठू लागतं, ऐंशीला चांगलं घट्ट होतं. बलक सत्तरच्या आसपास बसतो. बाहेरचं पाणी मात्र शंभर अंशांवर थयथयाट करत असतं. म्हणजे आतला बलक सत्तरला पोचेपर्यंत बाहेरच्या पांढऱ्याने शंभराचा मार खात उभं राहायचं, आणि तरीही रबर व्हायचं नाही! अंडं उकडण्याची सगळी कला एवढ्यात आली. ही कला ‘तेवढी’ येते म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

फसलेल्या अंड्याची सही म्हणजे बलकाभोवतीचं हिरवट-काळं कडं. अंडं फार वेळ उकडलं की पांढऱ्यातून गंधकाचा एक वायू निघतो, बलकात लोह असतं, आणि सरहद्दीवर दोघांची गाठ पडून हे कडं उमटतं. खाल्ल्याने अपाय काही होत नाही. पण अपाय होत नाही, ही काही कलाकृतीची थोरवी नव्हे. तेवढ्यावर पुरस्कार मिळतात, ती गोष्ट वेगळी.

या क्षेत्रात संप्रदायही आहेत. पहिला थंड पाण्याचा. यात अंडी आणि पाणी एकदमच गॅसवर चढवतात. भक्ती उदंड, पण हिशेब नाही. पातेलं केवढं, पाणी किती, आच कशी, यावर उकळी कधी फुटणार ते अवलंबून. मग मिनिटं मोजायची कुठून? शिवाय हळूहळू तापताना पांढरं आतल्या पापुद्र्याला असं काही बिलगतं की सोलताना टरफलाबरोबर अर्धं अंडं जातं आणि हातात चंद्राचा पृष्ठभाग उरतो. दुसरा कुकरचा संप्रदाय. यांचं कालमापन शिट्ट्यांत चालतं. डाळीला तीन, बटाट्याला दोन, म्हणून अंड्यालाही दोन! कुकरच्या पोटात एकशेवीस अंशांच्या आसपास उष्णता असते. तिथून अंडं शिजून नव्हे, शिक्षा भोगून बाहेर येतं. तिसरा संप्रदाय मिठाचा. ‘पाण्यात मीठ घाला, साल झटकन निघते,’ असं हे लोक छातीठोकपणे सांगतात. मिठाचा उपयोग एवढाच की एखादं अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं लवकर गोठतं. सालीशी मिठाचा संबंध नाही.

सालीचा खरा संबंध आहे वयाशी. अंडं घातलं की त्यातला कर्बवायू टरफलाच्या हजारो बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर जातो, पांढऱ्याची आम्लता कमी होत जाते आणि पापुद्र्याची पकड सैल पडते. म्हणून आजचं ताजं अंडं सोलणाऱ्याचा अंत पाहतं आणि आठ-दहा दिवसांचं मुकाट्याने कपडे उतरवतं. ‘एकदम ताजी अंडी आहेत साहेब’ असं दुकानदार म्हणाला की ऑम्लेट करावं. हातगाडीवरच्या अंडीवाल्याचं अंडं एका झटक्यात गुळगुळीत निघतं, यात हाताच्या सरावाइतकाच त्या अंड्याच्या प्रवासाचा भाग असतो. बिचारं ट्रकने, टेम्पोने आणि सायकलने आलेलं असतं. मात्र उभा छेद, वर कांदा, तिखट, लिंबाचे दोन थेंब ही मांडणी संपूर्ण त्याची स्वतःची. या प्रकारात मी गाडीवाल्याला नेहमीच वरचे गुण देत आलो आहे.

कोणत्या टोकाने फोडावं, हाही जुना वाद. १७२६ साली जोनाथन स्विफ्टने ‘गलिव्हर’च्या कथेत याच मुद्द्यावर दोन राज्यांत युद्ध लावून दिलं. विज्ञानाचं मत रुंद टोकाला आहे. तिथे हवेची पोकळी असते, बोट सहज शिरतं.

आता मुख्य प्रश्न. आपल्याकडे हे अंडं इतकं वाईट का होतं? माझा सिद्धांत असा, की ते फार दिवस चोरून उकडलं गेलं. आमच्या चाळीत अंड्याचं पातेलं वेगळं असे. पोचे पडलेलं, ॲल्युमिनियमचं, गॅलरीत स्टोव्हशेजारी पालथं घातलेलं. त्याला स्वयंपाकघराचा उंबरठा बंद. आजी कीर्तनाला गेली की मामी गॅलरीत स्टोव्ह पेटवायची आणि स्वतः दारात उभी राहायची. नजर जिन्याकडे, अंड्याकडे नव्हे! टरफलं कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून केळ्याच्या सालींखाली गाडली जात. चोरून केलेल्या कामात एक तर घाई होते नाही तर अतिरेक. कच्चं राहून चालणार नव्हतं, म्हणून अतिरेकच व्हायचा. घरात उजळ माथ्याने अंडं यायचं ते कोणी आजारी पडल्यावर. ‘डॉक्टरांनी सांगितलंय हो!’ म्हटलं की आजीही गप्प. पण औषध म्हटल्यावर ते चवीला बरं लागलं पाहिजे असा आग्रह कोण धरणार? आमच्यासारख्या कित्येकांची मग अशी समजूत झाली की उकडलेलं अंडं हे असंच लागतं. कोरडं, ठसका आणणारं आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या अंगणासारखा वास येणारं.

इथे माझी थट्टा थोडी थांबते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. द्यावं की देऊ नये, यावर रणं माजली. कसं उकडावं यावर मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. मी ‘द्यावं’ म्हणणाऱ्यांतला. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पण ती कागदावर असून भागत नाही, पोराच्या पोटात जावी लागतात. एखाद्या मुलाच्या आयुष्यातलं पहिलंच अंडं जर हिरव्या कड्याचं, रबरी आणि खरवडलेलं आलं, तर तो ते कावळ्याला घालणार आणि वर ‘मला अंडं आवडत नाही’ असं जन्मभर सांगत फिरणार. त्याला नावडली ती दहा मिनिटं जादा. दोष मात्र कोंबडीला!

तेव्हा टीकाकाराने नुसती नावं ठेवू नयेत म्हणून सांगतो. आठवडाभराची अंडी अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा. पाणी खळखळून उकळू द्या. अंडी पळीने एकेक अलगद सोडा, टाकू नका. मग आच मध्यम करा आणि घड्याळ लावून अकरा मिनिटं मोजा. महाबळेश्वरला असाल तर एक-दोन मिनिटं अधिक. तिथे पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. मग लगेच गार पाण्यात. मे महिन्यात मुंबईच्या नळाचं पाणी गार समजू नका. त्या दिवसांत आपल्याला आणि अंड्याला एकच क्रियापद लागू असतं, दोघांनाही उकडतंच! माठाचं पाणी घ्या, बर्फ असेल तर उत्तम. गार झाल्यावर ओट्यावर हलकेच फिरवून तडे पाडा आणि रुंद टोकाकडून सोला. यात नवीन काही नाही. गार पाणी आणि टेबलावर फिरवणं, हे बीटनबाईंनी १८६१ च्या आपल्या जाडजूड गृहव्यवस्थेच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. आपण जाडजूड ग्रंथ वाचत नाही, हीच काय ती अडचण.

यापुढे कोणी मान तिरकी करून ‘अंडं तेवढं उकडता येतं हो’ असं म्हणालं, तर हसून सोडून देऊ नका. खुर्ची ओढा, मीठ-मिरपूड मागून घ्या आणि म्हणा, ‘वा! मग बसतोच. आणा.’